पांढुर्णा ते पुणे, हवेतून

११ जानेवारी २०२६, रविवार

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मला कळलं की माझी सख्खी बहीण लग्न करते आहे. कळवलं कोणी? व्हॉट्सअ‍ॅपनं. तिच्या मुलानं, अमोलनं, पुण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयातल्या नोटिशीचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली सहा फुलं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वधू: कमल, वय सत्तर. वर: उत्तम, वय त्र्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक. बागेत ओळख झाली म्हणे. बागेत!

माझ्या आईबापांना दोन मुली. दोन मुलींची लग्नं दोन झाली, हिशेब बरोबर आहे. फक्त दोन्ही ताईनंच केली.

लग्नाला माझा विरोध नाही. भाऊजी जाऊन चौदा वर्षं झाली. पण मला आधी सांगायला नको? दर रविवारी अकरा वाजता ती फोन करते. मागच्या रविवारी तिनं मला वांग्याच्या भाजीत काय घातलं ते सांगितलं, टेरेसवरच्या कबुतरांबद्दल सांगितलं. नवऱ्याबद्दल नाही.

आज अकरा वाजता फोन वाजला. मी उचलला नाही.

कामाला येणाऱ्या कलाबाईला सांगितलं तर ती झाडू तसाच धरून हसायला लागली. "चांगलं झालं ना बाई! तुमच्या घरी जावई येऊन राहिला!"

"जावई नाही. भाऊजी."

"तेच ते. तुमाले पाहाले आजपर्यंत कोणी पोरगा काऊन नाही आला, मी तेच इचार करून राहिली."

तिला चहा दिला नाही. नंतर दिला.

१३ जानेवारी, मंगळवार

लग्न १२ फेब्रुवारीला, दुपारी एक वाजता. जायचा प्रश्नच नाही. तरी अंतर माहीत असावं म्हणून मोबाईलवर 'पांढुर्णा ते पुणे' असं टाकलं. एका वेबसाईटनं उत्तर दिलं: विमानाने एक तास दहा मिनिटे.

मी पांढुर्ण्यात जन्मले. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर चौतीस वर्षं तिकिटं दिली, चौकशीची उत्तरं दिली आणि माईकवरून घोषणा केल्या. आता आमचं गाव जिल्हा झालं, पण विमानतळ काही झाला नाही. हे विमान माझ्या गच्चीवरून सुटणार आहे का? त्या वेबसाईटनं गावाच्या मध्यावर एक टाचणी टोचली, पुण्यात दुसरी टोचली, मधे रेघ मारली आणि वेळ सांगून मोकळी झाली. मी खिडकीत बसून एखाद्या प्रवाशाला असं उत्तर दिलं असतं तर त्यानं गज वाकवले असते.

खरा हिशेब मी मांडला. पांढुर्णा ते नागपूर विमानतळ, गाडीनं सव्वादोन तास. तिथं दोन तास आधी. मग उड्डाण. मग पुण्यातलं ट्रॅफिक. एकूण सात तास. सात तासांना 'एक तास दहा मिनिटे' म्हणणाऱ्या माणसाला रेल्वेत निलंबित करतात.

१८ जानेवारी, रविवार

अकरा वाजता फोन. नऊ वेळा वाजला. मी मोजत होते. उचलला नाही. दुसऱ्यांदा आला नाही. मला वाटलं होतं, येईल.

१ फेब्रुवारी, रविवार

आज फोन आलाच नाही. साडेअकरापर्यंत मोबाईल चार्जिंगला लावून तिथंच बसले, चार्जिंगवर लक्ष ठेवायला.

मग माळ्यावरून शाळेचा जुना अ‍ॅटलास काढला. छिंदवाड्याच्या कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या सिस्टर एका संत्र्यावर दोन टाचण्या टोचायच्या आणि मधे दोरा ताणायच्या. म्हणायच्या, पृथ्वी गोल आहे, म्हणून नकाशावरची रेघ हे खोटं बोलणं आहे. दोरा बोलतो ते खरं. मी आज दोरा लावला. नागपूर ते पुणे सहाशेच्या आसपास किलोमीटर भरतात. विमानाचा वेग आठशे धरला तर पाऊण तास. कंपनीवाले मात्र एक तास पंचवीस मिनिटं लिहितात. मग चाळीस मिनिटं जातात कुठं?

दुपारभर विचार केला आणि मग एकटीच हसले. अहो, हे तर आमचंच! आम्हीही मोठ्या स्टेशनच्या आधीच्या टप्प्यात टाईमटेबलात वेळ फुगवून ठेवायचो. अर्धा तास उशिरा निघालेली गाडी नागपूरला वेळेवर कशी लागते, हे प्रवाशांना कोडं असायचं, आम्हाला नाही. म्हणजे विमानवालेही आमच्याच शाळेत शिकलेले आहेत. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा थोडी आपुलकी वाटली.

कॉन्व्हेंटचं नाव निघालं म्हणून लिहिते. बाबांना एकीलाच तिथं पाठवता येत होतं. ताई तेव्हा सातवीत, वर्गात पहिली. ती म्हणाली, मला शाळेचा कंटाळा आला आहे, प्रज्ञाला पाठवा. ताईला पहिल्यापासूनच अभ्यासाची आवड कमी. पुस्तकं मात्र ती अजून माझ्यापेक्षा जास्त वाचते, हे एक विचित्रच आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

अमोलचा फोन. आवाज अगदी नरम, म्हणजे काहीतरी वाईट बोलायचं होतं.

"मावशी, तीन साक्षीदार लागतात. मी आहे, उत्तमकाकांची मुलगी अश्विनी आहे. तिसरी तू."

"मला कोणी विचारलंय?"

"आई म्हणते, विचारायचं काय त्यात? पण तू येणार नसशील तर तसं सांग, मावशी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला उभं करू. त्यांच्याकडे आधार कार्डाच्या झेरॉक्स तयारच असतात."

सोसायटीचा सेक्रेटरी! माझ्या बहिणीच्या लग्नाच्या कागदावर, जिथं माझं नाव यायचं तिथं, पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक लावणारा माणूस सही करणार!

मी म्हटलं, "मी येते आहे. त्यांना सांग, टाकी सांभाळा."

फोन ठेवून गाड्या बघितल्या. सगळीकडे वेटिंग. ज्या खिडकीतून मी चौतीस वर्षं लोकांना "वेटिंग आहे, बाजूला व्हा" म्हटलं, त्या खिडकीनं आज मला तेच म्हटलं. संध्याकाळी अमोलनं विमानाचं तिकीट पाठवलं. नागपूरहून १०.२०ला सुटणार, पुण्याला ११.४५. एक वाजता लग्न.

मी घाबरलेली नाही. फक्त हा आकडा चार वेळा तपासला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कलाबाईच्या शंका संपत नाहीत.

"बाई, विमानाची खिडकी उघडते का?"

"नाही."

"मंग उलटी आली तं?"

"पिशवी देतात."

"अन् मधात उतराचं म्हटलं तं?"

"कलाबाई, मधे कोणी उतरत नाही."

"म्हणजे एकदा बसलं की बसलं. तुमच्या ताईच्या लग्नासारखं." आणि स्वतःच्या विनोदावर ती ओट्याला टेकून हसली. हिच्या नदीपलीकडच्या सावरगावात सगळ्या बायका अशाच बोलतात.

ताईला मी अजून फोन केलेला नाही. समोरच बोलेन. मुद्दे काढून ठेवले आहेत. सहा आहेत. पहिला: मला आधी का सांगितलं नाही? बाकीचे पाचही जवळपास तेच आहेत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी १०.३५, नागपूर विमानतळ

सव्वाआठलाच पोचले. तपासणीत बाईनं माझ्या पर्समधली सेफ्टी पिन काढून पुन्हा ठेवली. फोन मी आत शिरतानाच बंद केला. विमानात फोन बंद ठेवायचा असतो हे मला माहीत आहे. इतर लोक सर्रास बोलत होते. शिस्त नाही.

जागा चांगली मिळाली आहे. चहाच्या दुकानाजवळ, खांबाला टेकून. बोर्डिंग पासावर ९.३५ अशी एक वेळ लिहिली आहे, ती गाडी फलाटावर लागायची असावी. आपला मतलब सुटायच्या वेळेशी. सुटण्याआधी घोषणा होईलच. प्रवाशाला तीन भाषांत, तीन वेळा सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही. नियम आहे. तो मी स्वतः पाळला आहे, तापात, घसा बसलेला असताना, बाबा गेले त्या दिवशीसुद्धा.

मघाशी पलीकडे एक रांग लागली होती. कुठल्या विमानाची कोण जाणे, आता संपली. एक मुलगी काहीतरी ओरडलीही, पण तोंडानंच. त्याला घोषणा म्हणत नाहीत.

१०.२० होऊन गेले. १०.३५ झाले. एकही घोषणा नाही. म्हणजे विमान लेट! आणि लेट असल्याचं सांगण्याचंही सौजन्य नाही. आमची गाडी दहा मिनिटं लेट झाली तर लोक स्टेशन मास्तरच्या टेबलावर हात आपटायचे. इथं सगळे कसे शांत बसून आहेत बघा. महाग तिकिटाची माणसं रागवायलाही घाबरतात. मला, खरं सांगायचं तर, बरंच वाटतं आहे. जाऊन विचारते, किती लेट आहे ते.

त्याच दिवशी, ११.३०, तिथंच

गेलं. विमान गेलं. वेळेवर गेलं.

खिडकीवरच्या मुलीला मी विचारलं, "पुण्याचं १०.२० किती लेट आहे?"

तिनं संगणकात बघितलं, मग माझ्याकडे. "मॅम, ते गेलं ना. तुम्ही... तुम्ही प्रज्ञा मॅम का? आम्ही तीनदा फोन लावला. बंद होता."

"घोषणा का केली नाही?"

तिनं बोट दाखवलं. माझ्या खांबाच्या दुसऱ्या अंगाला, माणसाच्या उंचीची पाटी होती: या विमानतळावर घोषणा होत नाहीत, कृपया फलकाकडे लक्ष द्यावे. मी सव्वादोन तास त्याच खांबाला टेकून बसले होते.

मग मी बोलले. पाच मिनिटं बोलले असेन. आंधळ्या माणसानं काय करायचं, निरक्षर माणसानं काय करायचं, बोलण्यासाठी माणसाला तोंड दिलेलं असताना भिंतीवर आकडे लावणं ही कुठली सुधारणा, असं सगळं. चौतीस वर्षं मी कोणालाही मागं ठेवून गाडी जाऊ दिली नाही, असंही म्हटलं. तेवढ्यात आवाज फाटला. कारण तोपर्यंत मला कळलं होतं की एक वाजता तिथं टाकीवाला सेक्रेटरी सही करणार आहे.

ती मुलगी ऐकत होती. मधेच म्हणाली, "मॅम, एक मिनिट. 'यात्रीगण कृपया ध्यान दें' म्हणून दाखवता का?"

"तुम्हाला थट्टा सुचते आहे?"

"नाही मॅम. मी सावरगावची आहे. धनश्री. तीन वर्षं पांढुर्ण्याहून नागपूरला कॉलेजले अप-डाऊन केलं. तुमचा आवाज आला की आम्ही पोरी पुलावरून पळत सुटायचो. तुम्ही 'जल्दी करें' असं दोनदा म्हणायच्या, तवा आम्हाले माहीत राहे की अजून एक मिनिट हाय."

मी म्हटलं, "ते दुसरं 'जल्दी करें' नियमात नव्हतं. ते तुमच्यासाठीच होतं. पुलावर दिसायच्या ना तुम्ही."

मग तिनं भराभर बोटं चालवली. १.०५चं विमान आहे. पुण्याला २.३०. एक जागा. खिडकीची.

"लग्न एकला आहे," मी म्हटलं.

"मंग फोन लावा ना मॅम, थांबवा लग्न! चालू करा तो फोन पहिले."

फोन चालू केला. बावीस मिस्ड कॉल. ताईला लावला. एका महिन्यानंतर. पहिल्याच घंटीला उचलला.

"कुठी हायेस तू?"

"ताई, विमान गेलं. मी इथंच होते. घोषणाच नाही झाली."

पलीकडे हुंदक्यासारखा आवाज. मला वाटलं ती रडते आहे. मग कळलं की ती हसते आहे. अशी हसत होती की तिला श्वास घेता येईना, मागून अमोल "आई, काय झालं, आई?" करत होता.

"अवं माय! सगळ्या पांढुर्ण्याले गाडीत बसवणारी बाई, अन् सोतःच फलाटावर राहिली!"

"हसू नकोस. सेक्रेटरीला उभं करून टाका."

तिचं हसणं थांबलं. "सेक्रेटरीले कायले उभं करू? तू ये. मी बसून राहतो इथं. साहेब पाच वाजेपर्यंत हाये. मी काई पयून नाही चालली."

१२ फेब्रुवारी, हवेत

अक्षर वेडंवाकडं येतं आहे. भीतीनं नाही. विमानच हलतं आहे.

चाकं सुटली १ वाजून १२ मिनिटांनी. लिहून ठेवलं. त्या वेळी मी शेजारच्या माणसाचं मनगट धरलं होतं, असं तो नंतर म्हणाला.

आणि मग खाली बघितलं. संत्र्यांच्या बागा! एवढाल्या गर्द हिरव्या चौकटी, कोणी इस्त्री करून घातल्यासारख्या. कापूस वेचून झालेली शेतं तपकिरी. एक रेल्वे रूळ दिसला, दोऱ्यासारखा, आणि त्यावर एक मालगाडी. जन्मभर मी गाड्या जमिनीवरून बघितल्या, कानठळ्या बसवत येणाऱ्या. वरून ती मालगाडी इतकी शहाण्या मुलीसारखी चालली होती की मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

ढग आले तेव्हा मोठ्यानं हसले. का ते माहीत नाही. शेजारच्या माणसानंही हसून घेतलं. त्याला मी फुगवलेल्या वेळेबद्दल सांगितलं आणि म्हटलं, बघा, हे अडीचला पोचणार म्हणतात, सव्वादोनलाच टेकतील. तो आयटीतला आहे. म्हणाला, असं नसतं आंटी.

चाकं टेकली २ वाजून ११ मिनिटांनी. एकोणसाठ मिनिटं! वैमानिकानं माईकवरून सांगितलं, आपण नियोजित वेळेच्या आधी पोचलो आहोत. स्वतःची पाठ थोपटून घेतो आहे. मी शेजाऱ्याकडे फक्त बघितलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, पुणे

काल लिहायला जमलं नाही. आज लिहिते.

पावणेचारला कार्यालयात पोचले. लांब व्हरांडा, बाकं, हार घातलेली तरुण जोडपी. आणि मधल्या बाकावर माझी बहीण. मोरपंखी साडी, केसांत अबोली, पायात स्पोर्ट्स शूज. तिच्या शेजारी पांढऱ्या शर्टातला एक उंच म्हातारा मांडीवर वही ठेवून समोरच्या जोडप्याचं चित्र काढत होता. हे उत्तमराव. मला बघताच उठले, वही पडली, वाकून उचलताना चष्मा पडला. मी चष्मा उचलून दिला. वाईट माणूस नाही.

ताईनं अकरा जोडप्यांना आपला नंबर दिला होता. प्रत्येक जोडपं आत जाताना तिच्या पाया पडून गेलं म्हणे. कारकून वैतागला होता. सोसायटीचे सेक्रेटरी झेरॉक्सचं पाकीट छातीशी धरून बाकावर झोपले होते. राखीव साक्षीदार. मी त्यांना उठवलं नाही.

ताई उठली नाही. तिनं बाकावर सरकून जागा केली. मी बसले. सहा मुद्दे होते. पहिलाच काढला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

तिनं वाकून बुटाची नाडी घट्ट केली. मग म्हणाली, "अमोलले इचारलं. तो नाही म्हणता तरी मी केलं असतं. ह्यांच्या पोरीले इचारलं, ती नाही म्हणती तरी केलं असतं. तुले इचारलं असतं अन् तू नाही म्हटलं असतं, तं मी नसतं केलं. म्हणून नाही इचारलं, प्रज्ञे."

मी नाहीच म्हटलं असतं. जानेवारीत नक्की म्हटलं असतं. सत्तराव्या वर्षी काय शोभतं, लोक काय म्हणतील, तुझे गुडघे, त्यांचा रक्तदाब, सगळं तीन भाषांत सांगितलं असतं. आणि ती ऐकून, "बरं बाई, कंटाळाच आला होता मलाही," असं म्हणून फोन ठेवून वांग्याची भाजी करायला गेली असती.

उरलेले पाच मुद्दे मी पर्समध्येच ठेवले.

आत बोलावलं तेव्हा साडेचार वाजले होते. साहेब घड्याळाकडे बघत भराभर वाचत गेले. वराचं नाव, वधूचं नाव, दोघांचे जोडीदार हयात नाहीत, दोघं राजीखुशीनं. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "कोणाची काही हरकत?"

तो त्यांचा रोजचा प्रश्न असावा. पण अमोलनं माझ्याकडे बघितलं. अश्विनीनं बघितलं. उत्तमरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालून बघितलं. झोपेतून उठून दाराशी आलेल्या सेक्रेटरींनीसुद्धा बघितलं. फक्त ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती टेबलावरच्या कागदाकडे बघत होती आणि तिची बोटं पदराच्या टोकाशी चालली होती.

"आहे ना हरकत," मी म्हटलं. "अकरा जोडपी झाली, साडेचार वाजून गेले, अन् माझी बहीण अजून तशीच उभी हाये! काय पाहून राहिले तुम्ही सगळे? आना तो कागद इकडे!"

उशीर कोणामुळं झाला होता, हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. साहेब काहीतरी बोलणारही होते. पण ताईनं त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, आधी स्वतःची सही केली, सातवीत पहिल्या आलेल्या मुलीच्या सुंदर वळणदार अक्षरात, आणि ते पेन उत्तमरावांना न देता माझ्या हातात दिलं.